बंबात जाणारी लाकडं: उद्यमबागेतल्या पॅटर्नचं प्रकरण

फोन सोमवारी सकाळी आला. "सर, माळा रिकामा करायलोय. लाकडं न्यायला गुरुवारी माणूस येतोय. तुम्हाला काय पाहिजे असेल तर त्याच्या आत येऊन बघून जावा." बोलत होते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचे, मालक. भट्टी बंद होऊन काही वर्षं झाली होती, शेडला भाडेकरू मिळाला होता आणि माळ्यावरच्या 'लाकडां'चा किलोवर भाव ठरला होता. अंघोळीचा बंब पेटवायला सुकं सागवान झकास जळतं.

ती लाकडं म्हणजे फाउंड्रीचे पॅटर्न. मोजले तेव्हा तीनशेच्या वर भरले. आमच्याकडे जागा होती एका शाळेनं वापरायला दिलेली एक वर्गखोली. बेळगावात विज्ञान, तंत्रज्ञान आणि इथल्या उद्योगांचा वारसा एकत्र दाखवणारं संग्रहालय व्हावं म्हणून आम्ही सहा जण धडपडत होतो आणि त्या खोलीत तोवर दोन जुने लेथ, एक कडबाकुट्टी आणि शहापूरच्या एका घरातून आलेला खड्ड्याचा माग एवढंच होतं. मी पॉलिटेक्निकमध्ये फाउंड्रीचा विषय शिकवून निवृत्त झालेलो. म्हणून फोन मला.

पुढच्या दीड वर्षात आम्ही काय केलं आणि कुठे चुकलो, ते लिहून ठेवतो आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात असे माळे अजून आहेत. असा फोन उद्या दुसऱ्या कुणाला येईल.

पॅटर्न म्हणजे काय

पंपाची केसिंग, कडबाकुट्टीचं चाक, उसाच्या चरकाची बाजू, यातली कुठलीही वस्तू बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, करायची तर आधी ती लाकडात करावी लागते. ओल्या वाळूच्या दोन बॉक्समध्ये ती दाबून काढली की वाळूत तिची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर पोकळीत वाळूचा कोअर बसवतात, आणि तो कोअर घडवायला वेगळी लाकडी पेटी लागते, तिला कोअर बॉक्स म्हणतात. ओतकाम झालं की वाळू मोडून पुन्हा वापरात जाते, कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेली वस्तू, गिऱ्हाइकाकडे जातं, भट्टी म्हातारी झाली की भंगारात जाते. फाउंड्रीत मागे उरतो तो फक्त पॅटर्न.

तो वस्तूची हुबेहूब नक्कल नसतो, ही गोष्ट फाउंड्रीबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक या प्रमाणात. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. वाळूतून ओढून काढताना कड ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. जिथे पुढे मशिनवर कापून गुळगुळीत करायचं आहे, तिथे जादा जाडी ठेवतात. कोपरे धारदार सोडले तर तिथे कास्टिंग तडकतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची पट्टी बसवून गोलाई आणतात. हे सगळे निर्णय एका माणसानं रंधा हातात धरून घेतलेले असतात. धातू तापल्यावर आणि निवल्यावर कसा वागतो याचं पदार्थविज्ञान त्या लाकडात कोरलेलं असतं.

संग्रहालयाच्या दृष्टीनं मला हेच मोलाचं वाटलं. आपल्याकडची विज्ञान केंद्रं तत्त्व समजावण्यासाठी मुद्दाम बनवलेली उपकरणं मांडतात. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाल्यावर देशभर ती वाढली. आमच्या सर्वांत जवळचं धारवाडचं, मुलांना घेऊन मी तिथे अनेकदा गेलो आहे. बंगळुरूचं विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६२ पासून आहे, तिथे मोठी यंत्रंही आहेत. पण यंत्र तयार होण्याआधी ते कुणाच्या हातून कसं गेलं, ही गोष्ट दाखवायला बेळगावसारख्या ओतकामाच्या गावाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

या मातीला तसा इतिहासही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबाकुट्टी आणि लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, असं तेव्हा शेतकरी समजत. शहराच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण ओतकामाचं वळण गेलं नाही. तिकडे गोकाकला १८८५ मध्ये स्थापन झालेली सूतगिरणी घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर चालली. जिल्ह्याच्या उद्योगाबद्दल बोलताना लोक या दोन नावांवर थांबतात. उद्यमबागेच्या गल्ल्यांतल्या लहान फाउंड्र्यांनी पंपांचे, मोटारींचे, शेतीच्या अवजारांचे सुटे भाग ओतून किती घरं चालवली, ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. ते त्या माळ्यावर होतं.

तीन दिवस

सोमवार ते बुधवार. पहिल्या दिवशी एक नियम ठरवला आणि तो बरोबर ठरला: खडूनं नंबर टाकून फोटो काढल्याशिवाय एकही पॅटर्न जागचा हलवायचा नाही. कुठला कोअर बॉक्स कुठल्या पॅटर्नचा, हे पुष्कळदा फक्त ते शेजारी-शेजारी ठेवलेले असण्यावरून कळतं. पॅटर्नवर ठोकलेले आकडे अर्धेअधिक झिजलेले असतात.

दुसऱ्या दिवशी घाई झाली. मदतीला आलेल्या पोरांनी शिडीवरून पॅटर्न हातोहात खाली द्यायला सुरुवात केली. काही पॅटर्नना सुटे तुकडे असतात. वाळूतून मुख्य भाग आधी निघतो आणि अडकणारा तुकडा नंतर आतून काढतात. असे तुकडे नुसत्या खुंटीवर अडकवलेले असतात. शिडीवर ते निसटले, खाली भुश्यात पडले आणि त्यांतले चार कुठल्या पॅटर्नचे हे आजही कळलेलं नाही. पॅटर्न उचलण्याआधी सुटे तुकडे सुतळीनं जागच्या जागी बांधायला हवे होते. पाच मिनिटांचं काम होतं.

निवडीवरून आमच्यात वाद झाला. आमच्यातल्या एकांना मोठे, डोळ्यांत भरणारे पॅटर्न हवे होते. एक जवळपास माणसाएवढ्या व्यासाचं चाक होतं, सहा आऱ्यांचं. भिंतीवर टांगलं तर कुणीही थबकून बघेल. मला पूर्ण संच हवे होते: पॅटर्न, त्याचा कोअर बॉक्स, मिळालं तर ड्रॉइंग आणि मिळालं तर त्यातून निघालेलं एखादं कास्टिंग. एकटा पॅटर्न बघून लोक "छान सुतारकाम" म्हणतात आणि पुढे जातात. संच बघितला तर विचारतात, की हे यातून कसं निघालं? शेवटी चाक घेतलं, पण बाकी निवड संचांवर केली. खोलीच्या मापानं चव्वेचाळीस नग. उरलेल्यांचे फोटो आणि ठळक मापं घेतली आणि ते जाऊ दिले. गुरुवारी टेम्पो भरताना मी तिथे थांबलो नाही.

मालकी कुणाची

मालकांनी मोठ्या मनानं सगळं फुकट दिलं. पण ते सगळं त्यांचं नव्हतं. ओतकामाच्या धंद्यात पॅटर्नचे पैसे बहुतेक वेळा गिऱ्हाईक मोजतो. पॅटर्न फाउंड्रीत राहतो तो पुढच्या ऑर्डरसाठी ठेवायला म्हणून. आमच्या चव्वेचाळिसांतल्या अकरा नगांवर गिऱ्हाइकांच्या कंपन्यांची आद्याक्षरं आणि पार्ट नंबर स्पष्ट होते. मालक म्हणाले, "एवढी वर्षं कोण विचारायला आलं नाही." त्यांच्या बाजूनं ते खरं होतं. संग्रहालयाच्या बाजूनं ते पुरेसं नव्हतं. उद्या कुणी येऊन "हे आमचं" म्हणालं, तर दाखवायला आमच्याकडे काय?

म्हणून दोन कागद केले. मालकांकडून दानपत्र घेतलं, त्यात प्रत्येक नगाचा नंबर आणि "गिऱ्हाइकाच्या हक्काला बाधा न येता" असा शब्द. आणि ज्या अकरा नगांचे मालक शोधता येत होते, त्यांना पत्रं पाठवली. काही कंपन्या आता नव्हत्याच. तिघांनी ठेवायला परवानगी दिली. एकानं पॅटर्न परत मागितला, त्याचं पुढे सांगतो.

रंग

आता माझी चूक. पॅटर्न शाळेच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्यावर धूळ, काजळी आणि जुन्या वाळूचा थर होता. शाळेतली नववी-दहावीची काही मुलं मदतीला येत होती, उत्साही आणि प्रामाणिक. मी त्यांना म्हटलं, "हे स्वच्छ करा." एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी गेलो तर सहा पॅटर्न पॉलिश पेपरनं घासून, वर वॉर्निश मारून चकचकीत करून ठेवले होते. मुलं शाबासकीची वाट बघत उभी होती. मी त्यांना शाबासकीही दिली नाही आणि रागावलोही नाही. काय बोलावं ते सुचेना.

पॅटर्नवरचा रंग शोभेचा नसतो. जुन्या पद्धतीत जो पृष्ठभाग बिडाचा जसाच्या तसा राहणार, तो काळा. जो मशिनवर कापला जाणार, तो लाल. कोअर जिथे टेकणार, ती जागा पिवळी. सुट्या तुकड्यांच्या बैठकीला पट्टे. मोल्डर, म्हणजे वाळूत साचा करणारा कारागीर, एका नजरेत रंग वाचतो आणि कामाला लागतो. परीक्षेत ही खूण मी वर्षानुवर्षं विचारली आहे, दोन मार्कांना. आणि ज्या दिवशी ती खरोखर सांगायला हवी होती, त्या दिवशी मी "स्वच्छ करा" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात आम्ही वडगावातल्या एका म्हाताऱ्या पॅटर्नमेकरला बोलावलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. घराणं सुतारांचं, हयात याच कामात गेलेली. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांची नजर त्या सहांवर गेली.

"सर, हे घासून सोडलंय की. आता ह्याला वाचायचं कसं?"

मी म्हटलं, "माझ्याच सांगण्यावरून झालं, मामा."

ते खाली बसले. एक पॅटर्न मांडीवर घेतला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. मग बोलले, "हितं मशिनिंग हाय. हितं जास्त ठेवलंय बघा, पाव इंच भरंल. आणि ही बाजू तशीच सोडल्या." सहांपैकी चार त्यांनी असे हातानं वाचून दिले. उतार किती, जादा जाडी कुठे, कोअर कुठे टेकत असणार. राहिलेल्या दोनांबद्दल म्हणाले, "हे मला ठावं नाही. ज्यानं केलं त्यालाच ठावं." ज्यानं केलं तो कोण, हे कळायला आता मार्ग नाही.

त्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढायची, बस. पाणी नाही, सॅंडपेपर नाही, तेल नाही. कीड दिसली तर तो नग वेगळा काढून काळ्या कागदावर तीन-चार आठवडे ठेवायचा. कागदावर ताजा पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, नाही पडला तर ती भोकं जुनी आहेत. बेळगावच्या पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, म्हणून रॅक भिंतीपासून वीतभर पुढे घेतले. मामांच्या बैठका मात्र आठवड्यातून दोन ठेवल्या, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याचं रेकॉर्डिंग केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात आम्ही वाचवलेली सर्वांत मोठी गोष्ट ते रेकॉर्डिंग आहे. चव्वेचाळीस नग मिळून त्याच्या बरोबरीला येणार नाहीत.

पाटीवर कुठले शब्द

सीमाभागात पाटी लावायची म्हटलं की बैठक लांबते. आमचीही लांबली. कुणाला मराठी आधी हवी, कुणी म्हणालं कन्नड आधी नसेल तर उद्घाटनाआधीच अडचण येईल, कुणी म्हणालं इंग्रजीच लावा म्हणजे मिटलं. १९५६ पासून या गावात हा विषय घराघरात आहे. तो हलका आहे असं मी म्हणणार नाही. मराठी पाटी दिसली नाही तर मलाही ते लागतं.

वाट काढून दिली ती एका मोल्डर अण्णांनी. त्यांची घरची भाषा कन्नड, मामांशी बोलतात मराठीत, आणि दोघं चाळीसेक वर्षं एकाच वाळूत काम केलेले. आम्ही पाटीसाठी 'ओतीव लोखंड' असं शुद्ध लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, "असं कोण म्हणतंय? बीड म्हणा की. आमच्यात पण बीडु कब्बिणच म्हणतात." खरंच. शब्द दोन्हीकडे तोच. मग आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी फाउंड्रीतल्या माणसांच्या तोंडचा शब्द मोठ्या अक्षरात, दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी: बीड, मोल्ड, कोअर, बॉक्स. खाली समजावणी, मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच आकारात. यातले बरेच शब्द इंग्रजीतून येऊन दोन्ही भाषांत मुरलेले आहेत, त्यामुळे वरच्या ओळीवर भांडण उरलंच नाही. खालच्या ओळीत कुठली भाषा डावीकडे, यावर अजून मतभेद आहेत. तूर्त एका रॅकवर एक आणि दुसऱ्यावर दुसरी अशी अदलाबदल ठेवली आहे.

वाळू हातात

मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाची एक गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे. ते १८३० च्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या आवारात आहे आणि तिथे सूतकताईची जुनी यंत्रं माणसं प्रत्यक्ष चालवून दाखवत. आमच्या खोलीत बीड ओतणं शक्य नाही. ओतताना ते साडेतेराशे अंशांच्या आसपास असतं, शाळेत त्याचा विचारही करायला नको. अण्णांनी सुचवलं, मेण ओता. कासार्ड्याच्या बाजूची सिलिका वाळू आणली, त्यात थोडी बेंटोनाइटची चिकट माती आणि पाणी मिसळलं. एक लहान, साधा पॅटर्न मामांनी नव्यानं करून दिला, कारण जुन्याला वाळू लावायची नाही हे आता ठरलेलं होतं.

मुलं मुठीत वाळू दाबून बघतात. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि मोडल्यावर कड स्वच्छ तुटली तर वाळू जमली. मग बॉक्स भरायचा, ठोकायचा, पॅटर्न अलगद हलवून उचलायचा. पहिल्या खेपेला बहुतेकांची कड ढासळते आणि तेव्हा उतार का देतात ते न सांगता कळतं. मेण ओतल्यावर थोड्या वेळानं त्याच्या वरच्या तोंडाशी खळगा पडतो. "सर, कमी पडलं का?" कमी पडलेलं नसतं, आकसलेलं असतं. म्हणून कास्टिंगला रायझर ठेवतात, आकसताना वरून माल पुरवायला.

इथेच मामांनी एक दिवस पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढली. पॅटर्नमेकरची आकसपट्टी, पितळी, इंचांची. शाळेतली फूटपट्टी तिच्या शेजारी ठेवली. शून्य जुळवलं. बाराच्या आकड्याला दोन्हींमध्ये सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास फरक, म्हणजे एक अष्टमांश इंच. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "तुमची पट्टी चुकीची आहे, आजोबा." मामा म्हणाले, "माझी पट्टी बिडाची हाय, बाळ. बीड थंड झालं की तुझ्या पट्टीवर येतंय." पितळेसाठी, अॅल्युमिनियमसाठी पट्ट्या वेगळ्या, कारण ते वेगळं आकसतात. सगळं गणित त्या पट्टीच्या खुणांतच केलेलं असतं, सुताराला टक्केवारी काढायची गरज पडू नये म्हणून. प्रसरणाचा धडा मी आयुष्यभर फळ्यावर शिकवला. एवढ्या थोड्या वेळात तो कधी शिकवून झाला नव्हता.

ती पट्टी आम्हाला संग्रहासाठी हवी होती. मामांनी दिली नाही. "हातात हाय तोवर माझी," म्हणाले. दर बैठकीला आणतात, परत नेतात. आम्ही तिचे फोटो आणि मापं नोंदवली आहेत. पुन्हा मागितलेली नाही.

आजची स्थिती

परत मागितलेला पॅटर्न पंपाच्या केसिंगचा होता, आमच्यातला सर्वांत सुबक संच, कोअर बॉक्ससकट. त्या कंपनीला जुन्या पंपांचे सुटे भाग पुन्हा ओतून हवे होते. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, नवा पॅटर्न करून घ्यायला सांगा आणि हा इथेच ठेवा. मी द्यायच्या बाजूचा होतो आणि अजून आहे. वस्तू त्यांची होती, आणि ज्या कामासाठी ती घडली त्याच कामाला परत जात होती. देण्याआधी मामांनी आणि मी तिचा प्रत्येक पृष्ठभाग मोजला, रंगांची नोंद केली, अण्णांनी ती वाळूत कशी बसवायची ते कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं. कंपनीनं त्यातून निघालेलं एक कास्टिंग आम्हाला द्यायचं कबूल केलं आहे. अजून आलेलं नाही.

खोलीत आता त्रेचाळीस नग आहेत. घासलेले सहा एका वेगळ्या फळीवर आहेत आणि त्यांच्या पाटीवर लिहिलं आहे: यांच्यावरचे रंग संग्रहात आल्यावर आमच्याकडून पुसले गेले. चार मामांनी हातानं वाचले. दोन वाचता आले नाहीत.